टॅबवर पिक्चर नेमका अडकतो कुठे?

या अंकात टॅबवर एचडी चित्रपट पाहताना येणाऱ्या अडचणींचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बहुतेक वाचकांनी दोष टॅबला दिला आहे. कारण मात्र बऱ्याचदा फाइलच्या पोटात सापडतं. म्हणून पहिलं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे. पुढची बरीचशी त्याच्याच आधाराने समजतील.

प्रश्न : माझ्याकडे १० इंची अँड्रॉइड टॅब आहे, ३ जीबी रॅमचा. ४ जीबीची फुल एचडी फाइल त्यावर झकास चालते. पण तेवढ्याच लांबीची दीड जीबीची फुल एचडी फाइल लावली की चित्र अडकत अडकत चालतं आणि आवाज पुढे निघून जातो. लहान फाइल टॅबला जड का जावी? रॅम कमी पडते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : रॅमचा इथे संबंध नाही. फाइल लहान आहे याचा अर्थ चित्र जास्त घट्ट दाबून बसवलं आहे, आणि जितकं घट्ट दाबावं तितकी ते उलगडायला मेहनत जास्त.

फुल एचडीची एक फ्रेम १९२० गुणिले १०८० ठिपक्यांची असते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर न दाबलेलं चित्र सेकंदाला सुमारे ७५ एमबी होतं. तुमच्या ४ जीबीच्या फाइलमध्ये तेच सेकंदाला जेमतेम अर्ध्या एमबीत मावलेलं आहे आणि दीड जीबीच्या फाइलमध्ये त्याच्याही निम्म्याहून कमी जागेत. पाहताना टॅबला दर सेकंदाला २४ वेळा हे गाठोडं सोडावं लागतं.

हे काम टॅबचा मुख्य प्रोसेसर करत नाही, निदान त्याने करू नये अशी रचना असते. चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळा भाग कोरलेला असतो, त्याला हार्डवेअर डीकोडर म्हणतात. तो थोड्या विजेत आणि फारसा न तापता काम करतो. पण त्याला जे प्रकार येतात तेवढेच येतात. चिप बनली की यादी पक्की झाली; नंतर कुठल्याही अपडेटने त्यात भर पडत नाही. यादीत नसलेला प्रकार समोर आला की ॲप ते काम मुख्य प्रोसेसरवर टाकतं, प्रोसेसरची दमछाक होते, फ्रेम सुटायला लागतात. आवाज उलगडणं हलकं असल्यामुळे तो वेळेवर येत राहतो आणि चित्र मागे राहतं. तुम्ही वर्णन केलेलं लक्षण नेमकं हेच आहे.

आता चित्र दाबण्याचे हे प्रकार कोणते ते पाहू. एच.२६४ हा २००३ सालचा. तुम्हाला बाजारात मिळेल तो प्रत्येक टॅब त्याचा ८-बिट (रंगाची छटा ८ बिटांत साठवणारा) अवतार सहज चालवतो. एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, २०१३ साली आला. साधारण तेवढ्याच दर्जासाठी तो जवळपास निम्मी जागा घेतो. तुमची दीड जीबीची फाइल बहुधा याच प्रकारातली असणार. यातही खाचखळगा आहे : बऱ्याच स्वस्त आणि जुन्या टॅबना एच.२६५ येतो, पण फक्त ८-बिट. १०-बिट आला की ते हात टेकतात. एच.२६४ मध्येही १०-बिट फाइली असतात आणि त्या तर मोबाइलच्या जवळपास कुठल्याच चिपला हार्डवेअरवर चालत नाहीत, टॅब कितीही महाग असो. २०१८ चा एव्ही१ त्याहून नवा. स्नॅपड्रॅगन चिपांमध्ये तो २०२२ अखेरच्या ८ जेन २ पासून आला, आयपॅडमध्ये एम४ आणि ए१७ प्रो चिपपासून.

फाइलच्या नावावर किंवा एमकेव्ही, एमपी४ या शेपटावर विसंबू नका. ते फक्त डब्याचं नाव आहे. आत काय भरलंय ते त्यावरून कळत नाही. मीडियाइन्फो हे मोफत ॲप किंवा संगणकावरचा प्रोग्रॅम घ्या, त्यात फाइल उघडा आणि व्हिडिओखालच्या ओळी वाचा. फॉरमॅटसमोर एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५. बिट डेप्थसमोर ८ की १० ते पाहा. क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती काटून ठेवली आहे ते) ४:२:० असायला हवं. एच.२६४ असेल तर फॉरमॅट प्रोफाइलमधली लेव्हलही पाहा : ४.१ किंवा खाली असेल तर निश्चिंत राहा. लेव्हल ५.१ लिहिलेल्या फुल एचडी फाइलमध्ये कधी कधी एक फ्रेम घडवायला आधीच्या १६ फ्रेम हाताशी ठेवाव्या लागतात, ४.१ मध्ये ती मर्यादा ४ आहे. जुन्या डीकोडरला १६ झेपत नाहीत आणि मग चित्रावर हिरवे-राखाडी चौकोन पसरतात.

फाइल हार्डवेअरवर चालते आहे की नाही हे एमएक्स प्लेअरमध्ये लगेच कळतं. चित्रपट चालू असताना डीकोडरच्या ठिकाणी एचडब्ल्यू किंवा एचडब्ल्यू+ असेल तर काम चिपचा खास भाग करतो आहे. एसडब्ल्यू असेल तर मुख्य प्रोसेसर. एसडब्ल्यू दिसलं तर आधी हाताने एचडब्ल्यू+ निवडून पाहा, कधी कधी ॲपने उगाचच घाई केलेली असते. व्हीएलसीत सेटिंग्जमधलं हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद झालेलं नाही ना, ते पाहा. एवढ्याने चित्र सुधारलं तर प्रश्न मिटला.

नाही सुधारलं तर फाइल बदलून घ्यावी लागेल. संगणकावर हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम टाका. फाइल उघडा, प्रीसेट फास्ट १०८०पी३० निवडा. व्हिडिओच्या पानावर एन्कोडर एच.२६४ (एक्स२६४) ठेवा. यादीत त्याच्याच खाली १०-बिटचा पर्याय असतो, तो चुकूनही निवडू नका. दर्जाच्या पट्टीवर आरएफ २० ते २२ ठेवा. आकडा जितका कमी तितका दर्जा जास्त आणि फाइल मोठी. फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’ आणि ‘कॉन्स्टंट’ करा. ऑडिओच्या पानावर एएसी, स्टिरिओ, १६० केबीपीएस. मग स्टार्ट. दीड जीबीची फाइल बदलल्यावर अडीच-तीन जीबीची झाली तर काही चुकलं असं समजू नका. सैल बांधलेलं गाठोडं मोठं होणारच. दर्जा मात्र मूळ फाइलपेक्षा वर जाणार नाही, म्हणून आरएफ १६ वगैरे ठेवून जागा वाया घालवण्यात अर्थ नाही.

तुमच्या टॅबची स्क्रीन १२८० गुणिले ८०० असेल तर बदलतानाच ७२०पी करा. त्या स्क्रीनवर फुल एचडीचे जास्तीचे ठिपके दिसत नाहीत, टॅबला ते आधी उलगडावे आणि मग आवळावे लागतात.

एक सावधगिरी. मीडियाइन्फोत ‘एचडीआर फॉरमॅट’ अशी ओळ दिसली तर ती फाइल नुसती बदलून चालत नाही. एचडीआरचे (जास्त उजेड आणि रंग दाखवणाऱ्या स्क्रीनसाठी बनलेल्या चित्राचे) रंग साध्या स्क्रीनवर फिके, धुरकट, राखेतून पाहिल्यासारखे दिसतात आणि सरळ ८-बिट केल्यावर ते तसेच फिके राहतात. अशा चित्रपटाची साधी, एसडीआर प्रत मिळवणं हा सगळ्यांत कमी त्रासाचा मार्ग.

प्रश्न : चित्र उत्तम दिसतं, पण काही चित्रपटांना आवाजच येत नाही. दुसऱ्या ॲपमध्ये आवाज येतो, पण संवाद इतके बारीक की कान द्यावा लागतो, आणि हाणामारी सुरू झाली की घर दणाणतं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज न येणाऱ्या फाइलींत तो एसी३, ईएसी३ किंवा डीटीएस या प्रकारांत असतो. हे डॉल्बी आणि डीटीएस कंपन्यांचे परवाना लागणारे प्रकार आहेत, म्हणून काही ॲप त्यांना हात लावत नाहीत. व्हीएलसी ते स्वतः उलगडतं. आवाज न देणारं आधीचंच ॲप वापरायचं असा आग्रह असेल, तर संगणकावर एव्हीडीमक्समध्ये फाइल उघडा, व्हिडिओ आउटपुट ‘कॉपी’, ऑडिओ आउटपुट एएसी आणि फॉरमॅट एमपी४ मक्सर ठेवून सेव्ह करा. चित्राला धक्का लागत नाही, फक्त आवाज बदलतो, त्यामुळे काम काही मिनिटांत होतं. चित्र आधीच टॅबला झेपत असेल तर अख्खी फाइल हँडब्रेकमधून काढून दर्जा घालवू नका.

बारीक संवादांचं कारण असं की आवाज ५.१ चा, म्हणजे सहा वाटांचा असतो. त्यात माणसं बोलतात ती मुख्यतः मधल्या, सेंटर चॅनेलमधून. बाकीच्यांतून संगीत आणि धडामधुडूम. थिएटरमध्ये त्या मधल्या आवाजासाठी पडद्यामागे स्वतंत्र स्पीकर असतो. टॅबचे दोन छोटे स्पीकर सहा वाटा दोन वाटांत कोंबतात आणि शब्द त्यात बुडतात. हँडब्रेकमध्ये मिक्सडाउन स्टिरिओ ठेवा आणि मूळ आवाज एसी३ असेल तर डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन १.५ ते २.५ च्या दरम्यान लावा. बारीक आवाज उचलला जातो, मोठा खाली दाबला जातो. संवाद ऐकू येणं हा चित्रपटाचा निम्मा जीव आहे, त्यामुळे घरात वयस्क माणसं असतील तर हे एक सेटिंग कंटाळा न करता लावाच.

प्रश्न : टॅब फुल एचडी, वायफाय उत्तम, यूट्यूब १०८०पीवर लख्ख दिसतं. पण नेटफ्लिक्सचं चित्र पुसट. कोकण रेल्वेने जाताना बोगद्यांत नेटवर्क जातं म्हणून डाउनलोड केलेले चित्रपटही तसेच पुसट. असं का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : यूट्यूब लख्ख दिसतं ही खूण महत्त्वाची आहे. म्हणजे स्क्रीन, इंटरनेट आणि डीकोडर तिन्ही ठीक आहेत. अडकलं आहे ते परवानगीत.

पैसे देऊन पाहायचे चित्रपट कुलूप लावून पाठवले जातात. अँड्रॉइडवर या कुलपाचं नाव वाइडवाइन. त्याच्या दोन पातळ्या तुम्हाला भेटतात. एल१ मध्ये कुलूप चिपच्या बंदिस्त भागात उघडतं. एल३ मध्ये साध्या सॉफ्टवेअरमध्ये. एल३ मधून चित्र चोरणं सोपं, म्हणून नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ यांसारख्या सेवा अशा टॅबला फक्त एसडी, म्हणजे एचडीहून खालचा दर्जा देतात. स्क्रीन कितीही चांगली असली तरी. शिवाय काही टॅब एल१ असूनही नेटफ्लिक्सच्या मान्य यादीत नसतात. त्यांनाही तेच मिळतं.

नेटफ्लिक्समध्ये ॲप सेटिंग्ज उघडा, खाली ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ असतं. तिथे वाइडवाइनची पातळी आणि जास्तीत जास्त मिळणारा दर्जा लिहिलेला असतो. एल३ दिसलं तर सेटिंग बदलून, ॲप पुन्हा टाकून काही होत नाही. टॅबचा बूटलोडर (टॅब सुरू करणारा, एरवी कुलूपबंद असलेला प्रोग्रॅम) कुणाकडून उघडून घेतला असेल तर अनेक टॅबमध्ये त्यामुळेच एल१ जाऊन एल३ येतं. एरवी तो कारखान्यातूनच तसा येतो. एल१ आणि एचडी लिहिलेलं असूनही चित्र पुसट असेल तर तुमचा प्लॅन पाहा : भारतातला मोबाइल प्लॅन टॅबवर चालतो खरा, पण ४८०पीपुरताच. तोही ठीक असेल तर डाउनलोडचा दर्जा ‘स्टँडर्ड’वरून ‘हायर’ करा आणि चित्रपट पुन्हा उतरवा. आधी उतरवलेली प्रत आपोआप सुधारत नाही.

प्रवासाला निघताना आणखी एक बघा. उतरवलेल्या चित्रपटांना मुदत असते. काहींना पाहायला सुरुवात केल्यापासून ४८ तासच मिळतात. घरी ‘नीट उतरलाय ना’ म्हणून दोन मिनिटं पाहिलं की त्यांचं घड्याळ सुरू होतं.

नवा टॅब घेणाऱ्यांनी दुकानातच डीआरएम इन्फो हे ॲप टाकून पातळी पाहावी. खोक्यावर ‘फुल एचडी डिस्प्ले’ छापलेलं असतं, वाइडवाइनचा उल्लेख क्वचितच.

प्रश्न : मुलीच्या लग्नाची तीन तासांची फिल्म फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर ४के मध्ये दिली. ती टॅबच्या मेमरी कार्डवर घ्यायला गेलो तर जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असं येतं. पेनड्राइव्ह थेट टॅबला लावला तर चित्र थिजतं. आजीला टॅबवरच पाहायची आहे.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : कार्डाची अडचण सोपी. ते एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट झालेलं आहे आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, कार्ड १२८ जीबीचं असलं तरी. कार्डावरचं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घ्या, कारण फॉरमॅटमध्ये ते पुसलं जाईल. मग विंडोज संगणकावर कार्डावर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिम एक्सफॅट. फार जुना टॅब एक्सफॅट ओळखत नाही. तसं असेल तर फिल्मचे ४ जीबीहून लहान तुकडे करून घ्यावे लागतील. कार्ड टॅबमध्ये घातल्यावर ‘इंटर्नल स्टोरेज म्हणून वापरायचं का’ असं विचारलं तर नको म्हणा, नाहीतर ते त्या टॅबपुरतं कुलूपबंद होतं आणि संगणकाला वाचता येत नाही.

थिजण्याचं कारण फिल्मच्या आत आहे. हल्लीचे कॅमेरे ४के चित्रण १०-बिट ४:२:२ मध्ये, सेकंदाला १०० मेगाबिट किंवा त्याहून जास्त दराने करतात. रंग दुरुस्त करायला संकलकाला तेच हवं असतं. पण टॅबचे डीकोडर घरगुती ४:२:० साठी बनलेले असतात, ४:२:२ त्यांच्या यादीत नसतं. संकलकाने काम झाल्यावर त्याच मापात फाइल काढून दिली की ती त्याच्या संगणकावर चालते, आजीच्या टॅबवर नाही.

फोटोग्राफरला सांगा : ‘मास्टर ठेवा, पण पाहायची प्रत वेगळी द्या. एमपी४, एच.२६४ हाय प्रोफाइल, ८-बिट ४:२:०, १९२० गुणिले १०८०, २५ फ्रेम, १० एमबीपीएस, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ.’ आपल्याकडचं लग्नाचं चित्रण बहुधा २५ किंवा ५० फ्रेमवर असतं, म्हणून प्रत २५ चीच मागा. ३० ची केली तर वरात धक्के खात चालताना दिसते. तीन तासांचा हिशेब असा : १०,८०० सेकंद गुणिले १० मेगाबिट, भागिले ८, म्हणजे साडेतेरा जीबी. ३२ जीबीच्या कार्डावर निवांत बसेल. ‘हळद’, ‘सीमांतपूजन’, ‘लग्न’, ‘रिसेप्शन’ अशा वेगळ्या फाइली मागितल्यात तर आजीला हवा तो भाग पटकन लावता येईल आणि कुठे थांबलो ते शोधावं लागणार नाही.

फोटोग्राफर मिळत नसेल तर हीच मापं हँडब्रेकमध्ये भरून घरी करता येतं. फक्त संगणकाला ते काम रात्रभर करू द्या. मूळ ४के फाइल मात्र पेनड्राइव्हवर एकटी ठेवू नका. पेनड्राइव्ह हे देण्याघेण्याचं साधन आहे, जपून ठेवण्याचं नाही. एक प्रत हार्ड डिस्कवर आजच काढा.

प्रश्न : फाइल एच.२६४, ८-बिट, डीकोडर एचडब्ल्यू, एकही फ्रेम सुटत नाही. तरी कॅमेरा आडवा फिरला की चित्र हलके धक्के देतं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची नजर तेज आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा आणि टॅबची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजी होते. ६० भागिले २४ अडीच होतात आणि अर्धी वेळ तर दाखवता येत नाही. म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, परत तीनदा असं चालतं. स्थिर दृश्यात ते कळत नाही, आडव्या फिरणाऱ्या कॅमेऱ्यात कळतं. १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाचदा येते आणि धक्का जातो. ९० हर्ट्झवर भाग पुन्हा जात नाही. तुमच्या टॅबला १२० ची सोय असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘ऑटो’ऐवजी ती पक्की करा. फाइल ३० किंवा ६० फ्रेमची करून घेऊ नका, त्याने तोच धक्का फाइलमध्ये कायमचा कोरला जातो.

प्रश्न : मराठी सबटायटलच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एका फाइलमध्ये मराठी दिसतं, पण तासाभराने ते बरंच मागे पडतं.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : सबटायटलची एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिथे मराठी नीट दिसत असेल तर ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडून पुन्हा जतन करा. फाइलचं नाव चित्रपटाच्या नावाशी तंतोतंत जुळवा आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नोटपॅडमध्येही प्रश्नचिन्हंच दिसली तर कुणीतरी ती फाइल एएनएसआय या मराठी अक्षरं न मावणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमध्ये जतन केली आहे. अक्षरं तेव्हाच गेली, ती परत येत नाहीत. मूळ फाइल शोधा. इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसला तर मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला आहे आणि तो आधी युनिकोडमध्ये बदलावा लागेल. मजकूर बरोबर असून जोडाक्षरं फुटलेली दिसली तर ती त्या ॲपची मर्यादा, दुसरं ॲप वापरून पाहा.

सबटायटल सुरुवातीला जुळून हळूहळू घसरत असेल तर ते वेगळ्या फ्रेमरेटच्या प्रतीसाठी बनलेलं आहे. २३.९७६ आणि २५ यांच्यातल्या फरकाने तासाला सुमारे अडीच मिनिटांचं अंतर पडतं. ॲपमधलं सबटायटल पुढे-मागे करण्याचं बटण इथे पुरत नाही, कारण अंतर वाढत जातं. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘चेंज फ्रेम रेट’ वापरा : सबटायटल मागे पडत असेल तर २३.९७६ वरून २५, पुढे पळत असेल तर उलट.

प्रश्न : ब्लूटूथ इयरफोन लावले की ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ब्लूटूथवर आवाज पुन्हा एकदा दाबून पाठवला जातो, त्यात साधारण ०.१ ते ०.३ सेकंद जातात. व्हीएलसीमध्ये चित्रपट चालू असताना ऑडिओ डिले उघडा आणि उणे २०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करून ५०-५० ने हलवा. जुळवताना संवादापेक्षा टाळी किंवा दार आपटण्याचं दृश्य घ्या, फरक लगेच कळतो. वायरचे इयरफोन परत लावताना आकडा शून्यावर आणायला विसरू नका.